श्रेयनिर्देश (डिजिटल संग्रहातील साहित्याचा)

संग्रहालये, ग्रंथालये किंवा घरगुती संग्रह यांत जपलेली कागदपत्रे, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे व चित्रफिती यांच्या डिजिटल प्रती इतरांना पाठवताना त्यांचा कर्ता, मूळ वस्तू सांभाळणारी संस्था आणि प्रत तयार करणारा यांची नोंद करण्याची प्रथा. ही तीन माणसे बहुधा वेगवेगळी असतात आणि गल्लत इथेच होते. प्रभात फिल्म कंपनीने पुण्यात काढलेल्या एखाद्या चित्रपटाची प्रिंट राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेली असते, दिग्दर्शक कुणी एक असतो, आणि यूट्यूबवर तुकडा चढवणारा चौथाच कुणीतरी. ‘सौजन्य’ म्हणून नेमके या चौथ्याचे नाव फिरते. ‘इंटरनेटवरून साभार’ यात तर कुणाचेच आभार नसतात.

पुण्यातील इतिहास-अभ्यासकांना ही शिस्त जुनीच आहे. पेशवे दफ्तरातील कागद कापडी रुमालांत बांधलेले. कागदाचा हवाला देताना रुमालाचा क्रमांक द्यायचा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील (स्थापना १९१७) पोथीही क्रमांकानेच ओळखली जाते. हा क्रमांक शोभेचा नाही. त्यावरून दुसऱ्या अभ्यासकाला मूळ कागद काढून वाचन पडताळता येते. मोडी पत्राचा कडा कापलेला फोटो व्हॉट्सॲपवर आला, की ते पत्र कुठले, अस्सल की बनावट, पुढचे पान होते की नाही, काहीच ठरवता येत नाही. अशा फोटोंवर इतिहासाचे वाद मात्र हिरिरीने रंगतात.

श्रेय आणि परवानगी या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) लेखनावरील हक्क सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तोपर्यंत केवळ नाव दिल्याने ते लेखन छापण्याची मुभा मिळत नाही. उलट हक्क विकून टाकला तरी आपण कर्ते आहोत हे सांगण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ नुसार शाबूत राहतो. प्रतीला जोडलेली हक्कविषयक माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकणे २०१२ च्या दुरुस्तीने दंडनीय ठरवले आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (कर्त्याने आपले काम इतरांना ठरावीक अटींवर वापरू देण्यासाठीच्या तयार परवान्यांच्या) बहुतेक परवान्यांत नामनिर्देश ही वापराची अटच असते.

व्यवहारात शीर्षक, कर्ता, साल, संस्था, क्रमांक आणि मूळ पानाचा दुवा एवढे पुरते. कर्ता ठाऊक नसल्यास ‘छायाचित्रकार अज्ञात’ लिहावे. रिकामी जागा ठेवली की पुढचा माणूस तिथे स्वतःचे नाव भरतो. फाइलमध्ये दडलेली माहिती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवताना गळून पडते, म्हणून ओळ चित्राखाली मजकुरातच हवी. जुन्या पुण्याच्या छायाचित्रांवर संग्राहक आपल्या नावाचा ठसा आडवा उमटवतात, तो श्रेयनिर्देश नव्हे. फोटो काढणारा त्यातही अनुल्लेखितच राहतो.