अंगणवाडीच्या तपासणी यादीत मन कुठे आहे?

पालघर ठाणे जिल्ह्यातच होते तेव्हाची गोष्ट. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथूनच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाला, म्हणजे मुलांमधले आजार व दोष लवकर हेरण्यासाठीच्या आरोग्य तपासणीला, सुरुवात झाली. त्याआधीची चार दशके थोडक्यात सांगता येतात. १९७५ मध्ये ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना उभी राहिली. तिची सगळी धडपड कुपोषणाशी होती आणि अंगणवाडी सेविकेच्या हाती वजनकाटा होता. १९८२ च्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा भर मोठ्या माणसांच्या तीव्र आजारांवर राहिला. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेला (ऑटिझम) जागा नव्हती. ती १९९९ मध्ये वेगळ्या कायद्याने मिळाली, तर अध्ययन अक्षमतेला, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातल्या अडचणींना, कायद्यातल्या जागेसाठी त्यानंतरही, २०१६ पर्यंत, थांबावे लागले.

२०१३ च्या कार्यक्रमात तीस आजार व दोष ठरले आणि अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा करायची असे ठरले. वाढीतील विलंबाच्या गटात दृष्टी, श्रवण, हालचाल, भाषा यांच्याबरोबर स्वमग्नता, अध्ययनातील अडचणी आणि अतिचंचलताही आली. हे पाऊल मोठेच होते. हाक मारल्यावर न वळणारे, शिकलेले शब्द विसरत जाणारे मूल 'बोलेल उशिरा, त्याचे वडीलही उशिराच बोलले' या समजुतीत अडकून न राहता तपासणी करणाऱ्या आरोग्य पथकासमोर येऊ लागले.

वाद आहे तो यादीत काय घेतले नाही याचा. भीती, चिंता, उदासी आणि आघाताचे परिणाम तिच्यात नव्हते. लहान मुलांचे वागणे महिन्यागणिक बदलते, सेविकेवर आधीच नोंदींचा डोंगर आहे, आणि संशयित मूल पाठवायला बालमानसतज्ज्ञ कुठे आहेत, असे मुद्दे या निर्णयाच्या बाजूने मांडले जातात. शिक्का बसण्याची भीतीही खरी आहे. पण तज्ज्ञांची टंचाई स्वमग्नतेच्या बाबतीतही होतीच, तरी ती यादीत आली. घरात मारहाण पाहणारे, अंथरूण ओले करायची सुटलेली सवय पुन्हा लागलेले, कारण सापडत नसताना रोज पोट दुखते म्हणणारे मूल वजन-उंचीत व्यवस्थित भरते आणि पथकाच्या नजरेतून निसटते. आईला मात्र बदल केव्हाच जाणवलेला असतो. 'याला झोप नीट लागत नाही, खेळायला जात नाही' हे तिचे बोलणे लिहून घ्यायला तपासणीत एक साधा प्रश्न पुरला असता.

पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, १० ते १९ वयोगटासाठी जो कार्यक्रम आला, त्याच्या सहा विषयांत मानसिक आरोग्य होते. म्हणजे विषय धोरणकर्त्यांना अनोळखी नव्हता. दहा वर्षांखालच्यांना तो लागू धरला गेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तीन वर्षांखालच्या मुलाचा उल्लेख आहे, पण तो उपचार घेणाऱ्या आईपासून त्याला शक्यतो वेगळे करू नये इतकाच.

मार्च २०२० नंतर अंगणवाड्या बंद राहिल्या, शिधा घरी पोचला आणि रोज मुलाला पाहणारी बाहेरची एकमेव नजर कमी झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अंगणवाड्यांसाठी नवी कार्यपद्धती आली. सुरुवातीची लक्षणे सेविकेनेच टिपावीत, कुटुंबाला सोबत घ्यावे आणि मूल पुढे पाठवावे, हे त्यात स्पष्ट केले. तिचाही विषय दिव्यांगत्वच आहे.