पिकअपचा विलंब (ऑटोमॅटिक मोटार)

ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारीत ॲक्सिलरेटर दाबल्यापासून गाडी प्रत्यक्ष वेग घेईपर्यंत जो वेळ जातो, त्याला पिकअपचा विलंब म्हणतात. गिअर पडताना बसणारा गचका, चढावर गिअरची सारखी वर-खाली होणारी चुळबुळ आणि गर्दीत हळू चालवताना येणारे हिसके ही त्याची नेहमीची सोबत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात आयुष्यभर हाताने गिअर टाकलेली माणसे आता ऑटोमॅटिक घेऊ लागली आहेत, आणि नव्या गाडीचा हार सुकायच्या आत ही तक्रार सुरू होते.

तक्रारीचा शब्द एकच असतो : ‘पिकअप नाही.’ कन्नड बोलणाराही ‘पिकअप इल्ला’ म्हणतो, आणि जॉबकार्डावर, म्हणजे गॅरेजच्या तक्रारीच्या कागदावर, तेवढेच उतरते. घोळ इथूनच सुरू होतो, कारण या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पाय दाबला तरी क्षणभर काहीच घडत नाही, ही पहिली. गाडी लगेच निघते, पण भरल्यावर ओढत नाही, ही दुसरी. आणि इंजिन ओरडते, पण वेग मागून येतो, ही तिसरी. पहिलीचे मूळ बहुधा पॅडल, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) किंवा क्लचमध्ये असते, दुसरीचे इंजिनच्या ताकदीत, तिसरीचे गिअरबॉक्समध्ये. हे वेगळे करून सांगितले नाही, तर मेकॅनिक सपाट रस्त्यावर एक फेरी मारतो आणि ‘नॉर्मल आहे’ म्हणून चावी परत देतो. यात मेकॅनिकचा दोष कमी आणि शब्दाचा जास्त आहे.

आजच्या गाडीत पॅडलपासून इंजिनपर्यंत केबल जात नाही. पॅडलखालचा सेन्सर पाय किती दाबला हे संगणकाला कळवतो, संगणक हिशेब करतो आणि मग एक छोटी मोटर हवेची झडप उघडते. इंधन वाचावे, धूर कमी व्हावा आणि झटका बसू नये, म्हणून हा हिशेब मुद्दामच सावध ठेवलेला असतो. इको मोडमध्ये तो आणखी सावध होतो. कित्येकांची तक्रार ते एक बटण बंद केल्यावर निम्मी होते. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात आणखी एक भर पडते. धुराच्या जोराने टर्बोचे चाक वेगात फिरेपर्यंत, म्हणजे साधारण १५०० ते २००० आरपीएमपर्यंत (इंजिनचे मिनिटाला फेरे), इंजिन अंगात नसल्यासारखे चालते.

उंचीचाही थोडा वाटा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथली हवा पणजीपेक्षा साधारण ७ टक्के विरळ असते, म्हणून टर्बो नसलेले इंजिन तेवढी ताकद गमावते. पाच माणसे, डिकीत सामान आणि एसी चालू असताना हा फरक पायाला जाणवतो. टर्बो असलेली गाडी तो बराचसा भरून काढते.

गिअरबॉक्सच्या जातीप्रमाणे लक्षणे बदलतात. सीमाभागात लहान गाड्यांत सर्वांत जास्त दिसतो तो एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन). भारतात २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून तो सामान्य ग्राहकाच्या हाती आला. तो मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही कामे माणसाऐवजी यंत्र करते. गिअर बदलताना क्लच सुटतो, तेवढा वेळ चाकांना ताकद मिळत नाही, आणि बसलेल्यांच्या माना पुढे झुकतात. हा बिघाड नव्हे, ती त्याची रीत आहे. आपण मॅन्युअल चालवताना गिअर टाकण्याआधी ॲक्सिलरेटर सोडतोच. तीच सवय इथे ठेवावी. इंजिनच्या आवाजावरून गिअर पडायची वेळ कळते. त्या क्षणी पाय थोडा सैल केला की गचका जवळजवळ नाहीसा होतो. आठवडाभरात हे अंगवळणी पडते.

टॉर्क कन्व्हर्टर जातीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेल जोडते, म्हणून तो मऊ चालतो, पण पाय अचानक दाबला तर खालचा गिअर निवडायला क्षणभर घेतो. सीव्हीटी या जातीत ठरावीक गिअर नसतातच. आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचांचा गिअरबॉक्स, चपळ असतो, पण त्यातला कोरडा (तेलात न बुडालेला) क्लच रांगत्या गर्दीत तापतो. टिळकवाडीतले रेल्वे गेट पडून उघडल्यानंतर दहा मिनिटे जी सरपटती रांग चालते, ती अशा गाडीची खरी परीक्षा आहे.

विलंबाचा प्रश्न गंभीर होतो तो ओव्हरटेकच्या वेळी. उसाच्या हंगामात चिकोडी-रायबाग पट्ट्यात संध्याकाळी पुढे ट्रॅक्टर असतो, त्यामागे दोन ट्रॉल्या, बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही. समोरचा रस्ता मोकळा दिसतो. चालक बाहेर पडतो, पॅडल तळापर्यंत दाबतो, आणि गाडी एक… दोन… असे मोजण्याइतका वेळ वेगच घेत नाही. मग एकदम खालचा गिअर पडतो, इंजिन गर्जते आणि गाडी उसळते. मधल्या दोन सेकंदांत समोरून येणारी मोटारसायकल कितीतरी जवळ आलेली असते. यावर उपाय एकच : गिअर आधी खाली घ्यायचा, मग बाहेर पडायचे. लिव्हर ‘एम’वर (हाताने गिअर निवडायच्या जागी) ओढून एक-दोन गिअर उतरवले की इंजिन आधीच ताणात येते आणि पाय दाबताक्षणी गाडी निघते. नवी गाडी देताना किल्लीसोबत फोटो काढण्याआधी हे शिकवले जायला हवे.

घाटातही ‘डी’वर, म्हणजे गाडी स्वतः गिअर निवडते त्या जागेवर, सारे सोपवू नये. आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या वळणांवर पाय सोडला की गाडी वरचा गिअर घेते, वळण संपताच पाय दाबला की पुन्हा खाली येते, आणि चढभर हीच धरसोड चालते. ‘एम’मध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवला की ती थांबते. उताराला तर हे अधिकच गरजेचे आहे. कणकुंबीकडून गोव्यात उतरताना ‘डी’मध्ये वरचा गिअर पडला, तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. चढावर रांगेत थांबताना एएमटी किंवा ड्युअल क्लचची गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरणे ही क्लच जाळण्याची हमखास वाट आहे. करपल्यासारखा वास आला की समजावे. ब्रेक किंवा हँडब्रेकच वापरावा.

काही लक्षणे मात्र स्वभाव म्हणून सोडून देऊ नयेत. ‘डी’ किंवा ‘आर’ (रिव्हर्स) टाकल्यावर दरवेळी उशिरा आणि ठोका देऊन पकडणे, आरपीएम चढूनही चाकांना ताकद न जाणे, गाडी एकाच गिअरमध्ये अडकणे, इशाऱ्याचा दिवा लागणे : यांमागे तेलाची पातळी, घसरणारा क्लच, क्लच हलवणारे यंत्र, सेन्सर किंवा सॉफ्टवेअर असू शकते. स्कॅनर लावून बिघाडाचे कोड पाहणे, सॉफ्टवेअर नवे करणे, संगणकाला क्लचचा पकडबिंदू पुन्हा शिकवणे हे वॉरंटीत मागावे. बॅटरी काढून लावल्यावर मात्र काही गाड्यांचा संगणक पुन्हा पहिल्यापासून शिकतो, म्हणून थोडे अंतर चालवूनच मत बनवावे.

तक्रार लिहून देताना ‘पिकअप नाही’ एवढ्यावर थांबू नये. इंजिन थंड होते की गरम, चढ की सपाट, गाडीत माणसे किती, एसी चालू होता का, वेग आणि आरपीएम किती, कोणता मोड, असे जॉबकार्डावर स्वतः लिहावे आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ट्रायलला स्वतः सोबत बसावे, आणि शोरूमच्या मागच्या सपाट गल्लीतली फेरी मान्य करू नये. बेळगाव शहरात तर चढासाठी लांब जावे लागत नाही. कपिलेश्वर उड्डाणपूल आहे.