सोर्स कोड द्यायचा कधी? कॉपीलेफ्टच्या भांडणामागचा इतिहास

सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर वाद पेटला की तो बघता बघता तत्त्वांवर जातो: स्वातंत्र्य मोठं की सोय, समाज मोठा की कंपनी. कायद्याच्या कागदावर मात्र हे भांडण फार थोड्या जागेत मावतं. सोर्स कोड, म्हणजे ढोबळमानाने प्रोग्रॅमरने लिहिलेला वाचता येणारा मजकूर, देण्याचं बंधन (कॉपीलेफ्ट म्हणतात ते हेच) नेमकी कोणती कृती केल्यावर लागू होतं, आणि सोर्स कोड म्हणजे काय काय, हे ते दोन प्रश्न. गेली चाळीस वर्षं परवाने लिहिले गेले, त्यांतल्या पळवाटा सापडल्या, परवाने पुन्हा लिहिले गेले, ते याच दोन प्रश्नांपायी.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. 1950 आणि 60च्या दशकांत सॉफ्टवेअर यंत्रासोबत यायचं, किंमत यंत्राची असायची. आयबीएमची यंत्रं वापरणाऱ्यांनी 1955 साली ‘शेअर’ नावाचा गट काढला, तो एकमेकांना प्रोग्रॅम देण्याघेण्यासाठीच. जून 1969 मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअर आणि सेवांची किंमत यंत्रापासून वेगळी लावायचं जाहीर केलं आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्रपणे विकायचा माल झाला. फेब्रुवारी 1976 मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उघड पत्र लिहून आपल्या कंपनीच्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सॉफ्टवेअरच्या फुकट प्रती काढण्याला चोरी म्हटलं, तेव्हा जुनी सवय आणि नवा धंदा समोरासमोर आले.

पुढचं काम कायद्याने केलं. 1980 साली अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमचा स्पष्ट समावेश झाला. 1983 मध्ये अ‍ॅपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात अपील न्यायालयाने ठरवलं की माणसाला वाचता न येणारा, रॉममध्ये भरलेला ऑब्जेक्ट कोडही कॉपीराइटखाली येतो. त्यामुळे सॉफ्टवेअरला दुहेरी कुलूप लागलं. बायनरीची, म्हणजे यंत्रालाच कळणाऱ्या तयार प्रोग्रॅमची, नक्कल करायला कॉपीराइटची मनाई, आणि सोर्स कोड कंपनीच्या तिजोरीत व्यापारी गुपित म्हणून बंद. पुस्तकाला कॉपीराइट मिळतो तेव्हा निदान पुस्तक वाचता तरी येतं. सॉफ्टवेअरला वाचू न देताही तो मिळाला. ही विषमता लक्षात घेतली नाही, तर पुढचं सगळं केवळ एका माणसाचा हट्ट वाटतं.

तो माणूस म्हणजे रिचर्ड स्टॉलमन. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतल्या जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी कागद अडकल्याची सूचना वापरणाऱ्यांना जाईल अशी सोय केली होती. झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर सोर्स कोडशिवाय आला. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो कोड होता, त्याने गोपनीयतेचा करार पुढे करून नकार दिला. 27 सप्टेंबर 1983 रोजी स्टॉलमननी यूनिक्ससारखी पण मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्याचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. जानेवारी 1984 मध्ये त्यांनी एमआयटीची नोकरी सोडली. संस्थेला त्या कामावर हक्क सांगता येऊ नये, हे त्यामागचं कारण. ऑक्टोबर 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं.

कॉपीलेफ्टची युक्ती कायदेशीर आहे, नैतिक आवाहनाची नाही. कॉपीराइटमुळे प्रत काढायला परवानगी लागते. ती परवानगी एका अटीवर द्यायची, की पुढे प्रत देणाऱ्यानेही सोर्स कोड याच परवान्याखाली द्यावा, एवढंच. आधी ईमॅक्स (एडिटर), जीसीसी (कंपाइलर), जीडीबी (डीबगर) या जीएनयूच्या प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळा परवाना होता. फेब्रुवारी 1989 मध्ये ते एकत्र करून जीपीएलची (जनरल पब्लिक लायसन्सची) पहिली आवृत्ती निघाली आणि जून 1991 मध्ये दुसरी. दुसऱ्या आवृत्तीची रचना जाणून घेण्यासारखी आहे, कारण पुढचा प्रत्येक वाद तिच्यातल्या एकेका शब्दावर झाला.

प्रोग्रॅम चालवण्यावर या परवान्याचं काही बंधन नाही. घरात किंवा कंपनीच्या आत हवे ते बदल करा, कुणाला काही द्यावं लागत नाही. बंधन लागू होतं ते प्रत दुसऱ्याच्या हाती दिली की. कलम 3 प्रमाणे बायनरी देताना एक तर सोर्स कोड सोबत द्यायचा, नाही तर किमान तीन वर्षं वैध असलेलं लेखी वचन द्यायचं. हे वचन मागेल त्या कुणालाही लागू असतं, आणि प्रत पोचवण्याच्या खर्चापलीकडे पैसे घेता येत नाहीत. (तिसरा मार्ग आहे, आपल्याला मिळालेलं वचन पुढे देण्याचा, पण तो विनाव्यापारी वाटपापुरता.) सोर्स कोडची व्याख्या अशी: बदल करण्यासाठी जे रूप पसंत केलं जातं ते, आणि त्यासोबत सगळे मोड्यूल, इंटरफेसच्या फायली, शिवाय कंपाइल आणि इन्स्टॉल करण्यासाठी वापरलेल्या स्क्रिप्ट.

या परवान्याला जे यश मिळालं त्यात लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, वाटा मोठा. 1991 च्या सप्टेंबरमधल्या 0.01 या आवृत्तीला लिनस टोरवाल्ड्स यांचा स्वतःचा परवाना होता आणि त्यात पैसे घेऊन वाटायला मनाई होती. 1992 च्या सुरुवातीला ते जीपीएलवर आले. त्याच सुमारास बीएसडी या यूनिक्सच्याच घराण्यातल्या सिस्टीमवर यूनिक्सच्या मालकांनी दावा लावला, तो 1994 मध्ये मिटला. बीएसडीचा परवाना म्हणतो: श्रेय द्या आणि काय हवं ते करा, बंद मालात घातलंत तरी चालेल. कोणता परवाना जास्त मुक्त, हा वाद त्यामुळे कधीच संपत नाही; बीएसडीवाले कोड हाती घेणाऱ्या प्रोग्रॅमरच्या स्वातंत्र्याबद्दल बोलतात, जीपीएलवाले साखळीतल्या शेवटच्या वापरकर्त्याच्या.

1998 च्या जानेवारीत नेटस्केपने ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा केली. फेब्रुवारीत पालो आल्टोच्या बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवलेलं ‘ओपन सोर्स’ हे नाव घेतलं गेलं आणि ओपन सोर्स इनिशिएटिव्ह स्थापन झालं. त्याची व्याख्या डेबियन या लिनक्स वितरणाच्या 1997 च्या मार्गदर्शक तत्त्वांवरून उचललेली. मान्य परवान्यांची यादी स्टॉलमन यांचा ‘फ्री सॉफ्टवेअर’ आणि हा नवा ‘ओपन सोर्स’ या दोन्ही गोटांत बहुतांश एकच राहिली, समर्थनाची भाषा तेवढी बदलली. या फुटीवर आजवर जितकी शाई सांडली आहे तितकी तिची योग्यता नाही, असं माझं मत. खरी झुंज वेगळीकडे, कारखान्यांत, चालू होती.

2003 साली लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी या राउटरमध्ये लिनक्स आहे आणि सोर्स कोड दिलेला नाही, हे लोकांच्या लक्षात आलं. दबाव वाढल्यावर कोड प्रसिद्ध झाला आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त सिस्टीम उभी राहिली. एकीकडे खटलेही सुरू झाले. 2004 मध्ये लिनक्सच्या लेखकांपैकी एक हॅराल्ड वेल्टे यांनी म्युनिकच्या न्यायालयातून साइटकॉम कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. 2007 मध्ये बिझीबॉक्सच्या, म्हणजे छोट्या यंत्रांतल्या लिनक्ससाठीच्या साधनसंचाच्या, लेखकांनी अमेरिकेत दावे लावले. 2008 च्या अखेरीस फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने लिंक्सिसची मालक असलेल्या सिस्कोला न्यायालयात खेचलं आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. 2008 मध्येच जेकबसेन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने मान्य केलं की मुक्त परवान्याच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. वाद होता मॉडेल रेल्वे चालवण्याच्या सॉफ्टवेअरचा.

या उल्लंघनांत लबाडीपेक्षा गलथानपणा जास्त असतो. डब्यावर ज्या कंपनीचं नाव असतं तिने बहुतेकदा फर्मवेअर (यंत्रात भरलेलं सॉफ्टवेअर) स्वतः बिल्ड केलेलंच नसतं. चिप बनवणारा एसडीके, म्हणजे सॉफ्टवेअर बनवण्याचा साधनसंच, देतो, कंत्राटी उत्पादक त्यात बदल करतो, आणि ब्रँडच्या हाती तयार इमेज येते. सोर्स मागितला की ब्रँड कंत्राटदाराकडे बोट दाखवतो आणि कंत्राटदार चिपवाल्याकडे. शेवटी जे मिळतं ते बरेचदा कर्नलच्या संकेतस्थळावरचं मूळ टारबॉल, म्हणजे कोडचा गठ्ठा, असतं: पॅच (केलेले बदल) नाहीत, कर्नलची कॉन्फिग फाइल नाही, कोणत्या क्रॉस कंपाइलरने बिल्ड केलं त्याचा पत्ता नाही. बाहेरच्या माणसाला तपासणं मात्र कठीण नसतं. फर्मवेअरची इमेज उलगडली, आतली स्क्वॉशएफएस फाइलसिस्टीम काढली आणि बायनरीतल्या अक्षरमाला पाहिल्या, की बिझीबॉक्स आपलं नाव आणि आवृत्ती स्वतःच सांगतं.

कंपनीला यातून वाचायचं असेल तर कसोटी एकच. कोऱ्या मशिनवर, त्या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसाला फक्त सोर्सचा गठ्ठा आणि सोबतची सूचनांची फाइल द्यावी. त्याला चालू होणारी इमेज बनवता आली पाहिजे. हे फर्मवेअर बाजारात जाण्याच्या दिवशीच करावं आणि तो गठ्ठा आवृत्तीच्या क्रमांकासह जपून ठेवावा, कारण लेखी वचनाची तीन वर्षं शेवटचा नग हातातून गेल्यावर सुरू होतात. दोन वर्षांनी पत्र येतं तेव्हा बिल्ड करणारा इंजिनिअर नोकरी सोडून गेलेला असतो, आणि कंत्राटदारही बदललेला असतो. दुसऱ्या आवृत्तीच्या कलम 4 नुसार अट मोडताच हक्क आपोआप संपतात, ही धास्ती निराळीच. जीपीएलच्या 2007 मधल्या तिसऱ्या आवृत्तीने ती सौम्य केली: पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत ती सुधारली, तर हक्क परत मिळतात.

खटला कोण भरू शकतो हा मुद्दा अजून तापलेला आहे. आजवर दावे बहुतेक कॉपीराइट असलेल्या लेखकांनीच लावले. ऑक्टोबर 2021 मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने टीव्ही बनवणाऱ्या व्हिझिओविरुद्ध कॅलिफोर्नियात दावा केला तो ग्राहक म्हणून: परवाना हा करार आहे आणि खरेदीदार त्याचा लाभार्थी आहे, असा त्याचा आधार. असा हक्क सर्वमान्य झाला तर प्रत्येक खरेदीदार सोर्स कोडसाठी दार ठोठावू शकेल.

टिव्हो या टीव्ही रेकॉर्डरने वेगळाच पेच टाकला. त्यांनी सोर्स कोड दिला, पण यंत्र फक्त कंपनीने सही केलेलाच कर्नल चालवायचं. कोड वाचा, बदला, बिल्ड करा. तुमच्याच यंत्रावर तो चालणार नाही. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचा पहिला मसुदा जानेवारी 2006 मध्ये आला तो मुख्यतः या आणि पेटंटच्या प्रश्नावर. 29 जून 2007 च्या अंतिम मजकुरात ‘इन्स्टॉलेशनची माहिती’ द्यायची अट आली, म्हणजे बदललेला कोड चालवायला लागणाऱ्या किल्ल्यांसकट सगळं. मात्र ही अट ग्राहकोपयोगी वस्तूंपुरतीच ठेवली. टोरवाल्ड्सना ती मंजूर नव्हती. हार्डवेअरने काय चालवावं हे परवान्याने ठरवू नये, सोर्स परत मिळाला की माझं काम झालं, ही त्यांची भूमिका. त्यांनी भूमिका बदलली असती तरी फरक पडला नसता. कर्नलचा परवाना ‘फक्त दुसरी आवृत्ती’ असा आहे आणि त्यातला कॉपीराइट हजारो लोकांत विखुरलेला आहे.

कंपन्यांनी तिसऱ्या आवृत्तीला उत्तर दिलं ते ती टाळून. अ‍ॅपलने जीसीसी 4.2 च्या पुढे नेलं नाही, एलएलव्हीएम आणि क्लँग या दुसऱ्या परवान्याच्या कंपाइलरवर पैसा ओतला, बॅश हे शेल (आज्ञा टाइप करायचा प्रोग्रॅम) 3.2 वर थांबवलं आणि 2019 मध्ये झेडशेल हे मॅकचं आधीपासून निवडलेलं शेल केलं. अँड्रॉइडने कर्नल सोडून वरचा थर बीएसडी आणि अपाची परवान्यांच्या कोडवर रचला. भोक बुजवलं हे खरं, पण ज्यांच्यासाठी बुजवलं ते पाहुणे दुसऱ्या घरी जेवायला गेले. तरीही अट घालणं चुकलं असं मी म्हणणार नाही. न घालता राहिलेला कर्नल आज असंख्य कुलूपबंद यंत्रांत बसला आहे, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

वितरण हाच बंधनाचा क्षण असेल तर वितरणच करायचं नाही, ही पुढची चाल, आणि वेबने ती फुकटात दिली. प्रोग्रॅम आपल्या सर्व्हरवर चालवायचा, लोकांना फक्त पान दाखवायचं; प्रत कुणाच्या हाती जात नाही, म्हणून सोर्सही द्यावा लागत नाही. 2002 चा अ‍ॅफेरो परवाना आणि नोव्हेंबर 2007 मधला एजीपीएल (अफेरो जीपीएल) ही पळवाट बुजवण्यासाठीच आले. त्याच्या कलम 13 बद्दल सर्रास गैरसमज आहे. सर्व्हरवर एजीपीएलचा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवला तर हे कलम लागू होत नाही. तुम्ही त्यात बदल केलात आणि लोक नेटवर्कवरून त्या बदललेल्या प्रोग्रॅमशी व्यवहार करतात, तेव्हाच त्यांना सोर्स देऊ करावा लागतो. पण कोणता भाग ‘बदललेला प्रोग्रॅम’ आणि कोणता शेजारी चालणारा स्वतंत्र, याची रेघ पुसट असल्याने गुगलसारख्या कंपन्यांनी आपल्याकडे एजीपीएलला सरळ बंदी घातली.

मग डेटाबेस कंपन्या मैदानात आल्या, आणि इथे हेतू बदलला. त्यांची तक्रार होती की क्लाउडवाले आपलाच माल भाड्याने देऊन पैसे कमावतात. ऑक्टोबर 2018 मध्ये मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने एजीपीएल सोडून एसएसपीएल हा स्वतःचा परवाना आणला. त्याचं कलम 13 सांगतं की हा प्रोग्रॅम सेवा म्हणून विकत असाल तर देखरेख, बॅकअप, साठवण, होस्टिंग अशा आजूबाजूच्या सगळ्या सॉफ्टवेअरचा सोर्सही याच परवान्याखाली द्या. ही अट पाळता येईल अशी क्लाउड कंपनी मला तरी दिसत नाही, आणि ती पाळली जावी अशी अपेक्षाही नसावी. पर्यायी व्यावसायिक परवाना विकत घ्यायला लावणं हा तिचा उपयोग. 2019 मध्ये मोंगोडीबीने ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या मान्यतेसाठीचा अर्ज मागे घेतला. 2021 मध्ये शोधाचं सॉफ्टवेअर बनवणारी इलास्टिक कंपनी त्याच वाटेने गेली आणि अ‍ॅमेझॉनने ओपनसर्च हा फोर्क, म्हणजे जुन्या कोडवरून निघालेला वेगळा प्रकल्प, काढला. ऑगस्ट 2023 मध्ये हॅशिकॉर्पने टेराफॉर्म या क्लाउड उभारणीच्या साधनाचा परवाना बदलला, त्यातून ओपनटोफू निघालं. मार्च 2024 मध्ये रेडिस या डेटाबेसने बीएसडी परवाना सोडला आणि काही दिवसांत लिनक्स फाउंडेशनखाली व्हॅल्की उभं राहिलं. गंमत अशी की नंतर इलास्टिक (2024) आणि रेडिस (2025) या दोघांनीही एजीपीएलचा पर्याय जोडला.

असा बदल कोणता प्रकल्प उद्या करू शकेल हे आधी ओळखता येतं. योगदान देणाऱ्यांकडून सीएलए, म्हणजे योगदानाच्या करारावर, सही घेऊन कंपनी परवाना बदलण्याचा हक्क स्वतःकडे ठेवत असेल, किंवा परवाना बीएसडी-एमआयटी छापाचा असेल, तर पुढची आवृत्ती बंद होऊ शकते. कॉपीलेफ्ट असेल, लिनक्स कर्नलसारखं फक्त डीसीओ म्हणजे ‘हा कोड देण्याचा मला हक्क आहे’ एवढंच प्रमाणपत्र घेतलं जात असेल आणि कॉपीराइट अनेकांत वाटलेला असेल, तर प्रत्येकाची संमती घ्यावी लागते, म्हणजे बदल जवळपास अशक्य. जुनी आवृत्ती मात्र तिच्या जुन्या परवान्यावर कायम राहते. फोर्क निघतात ते तिच्यावरच.

आता दुसरा प्रश्न, सोर्स कोड म्हणजे काय, पुन्हा उघडला आहे. भाषेच्या मॉडेलचे वेट म्हणजे आकड्यांचे प्रचंड तक्ते. ते मिळाले तर मॉडेलला थोडं वळण देता येतं, पण ते कशावर शिकलं हे त्यांतून वाचता येत नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी व्याख्या काढली. तिच्यात वेट आणि प्रशिक्षणाचा कोड लागतो, पण प्रशिक्षणाच्या डेटाबद्दल पुरेशी तपशीलवार माहिती दिली की भागतं; डेटा स्वतः द्यायलाच हवा असं नाही. समर्थक म्हणतात की वैद्यकीय नोंदींसारखा डेटा कायद्यानेच देता येत नाही. विरोधक 1991 च्या व्याख्येतलं ‘बदल करण्यासाठी पसंत केलेलं रूप’ पुढे ठेवतात. मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं. देता न येणारा डेटा वापरला असेल तर त्या मॉडेलला दुसरं नाव द्यावं. राउटरवाल्यांकडून कॉन्फिग फाइलसुद्धा मागणाऱ्या चळवळीने इथे वर्णनावर समाधान मानायचं कारण नाही.