फुंडकर फळबाग योजना: अर्ज, कागदपत्रे आणि कलमांची निवड

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना 2018-19 पासून सुरू आहे. अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के अशा हप्त्यांत बँक खात्यात येते. पहिला हप्ता बहुतेकांना मिळतो. पुढचे दोन अडकतात ते कागदांपेक्षा मेलेल्या कलमांमुळे, म्हणून इथे अर्जाइतकेच कलमांविषयीही लिहिले आहे.

लाभ फक्त वैयक्तिक शेतकऱ्याला मिळतो, संस्थेला नाही. जमीन स्वतःच्या नावावर हवी. कोकणात किमान 0.10 ते कमाल 10 हेक्टर, उर्वरित महाराष्ट्रात 0.20 ते 6 हेक्टर क्षेत्राला लाभ घेता येतो. रोजगार हमीच्या फळबाग योजनेत तुम्ही बसत असाल, तर आधी तिकडचा लाभ घ्यायचा. आंबा, काजू, पेरू, डाळिंब, संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू, सीताफळ, कोकम अशी एकूण 16 बहुवार्षिक पिके योजनेत आहेत.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर (राज्य शासनाच्या योजनांच्या अर्जांचे संकेतस्थळ) करायचा. शेतकरी ओळख क्रमांक आधी काढून ठेवा; 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे. फलोत्पादन घटकात योजना निवडून पीक, गट क्रमांक आणि क्षेत्र भरायचे. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये (100 आर म्हणजे 1 हेक्टर) भरा. एक एकर म्हणजे 0.40 हेक्टर, आणि घाईत 1 लिहिले की अर्ज आणि सातबारा जुळत नाही. निवडीचा संदेश आला की सातबारा, 8-अ (खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा), आधार जोडलेल्या बँक खात्याचा तपशील, अनुसूचित जाती-जमातीसाठी जातीचा दाखला लागतो. सातबारा सामाईक असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र, आणि कुळाचे नाव असेल तर त्याची संमती हवीच.

यानंतर सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) जागा पाहतात आणि पूर्वसंमती मिळते. पाऊस चांगला झाला म्हणून त्याआधीच कलमे लावून मोकळे होऊ नका. अनुदान पूर्वसंमतीनंतरच्या लागवडीलाच असते. लागवडीचा काळ मे ते नोव्हेंबर आहे, पण पावसाच्या भरवशावरच्या जमिनीत जुलै-ऑगस्टनंतर लावलेले कलम उन्हाळ्यापर्यंत मुळे धरत नाही.

कलमे कृषी विभाग किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून, राष्ट्रीय बागवानी मंडळाने मानांकन दिलेल्या रोपवाटिकेतून किंवा परवानाधारक खासगी रोपवाटिकेतूनच घ्यावीत. राज्यात 1969 च्या कायद्यानुसार फळझाडांच्या रोपवाटिकेला परवाना लागतो, आणि खुंट (कलमाचे खालचे, मुळे असलेले रोप) व डोळाकाडी (त्यावर बसवलेली हव्या त्या जातीची काडी) कुठून आणली याची नोंद ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. ती नोंद जरूर मागा. संत्र्याच्या पानांवरून मातृवृक्ष (काडी ज्या झाडाची घेतली ते झाड) कसा होता हे कळत नाही, आणि फळे हाती येईपर्यंत चार-पाच वर्षे गेलेली असतात. बिलावर परवाना क्रमांक, जात, संख्या आणि तारीख असावी. साध्या वहीच्या कागदावरची पावती चालत नाही.

कलम हातात घेतल्यावर पहिली नजर सांध्यावर जावी. खुंट आणि वरची काडी साधारण सारख्या जाडीची, सांधा पूर्ण भरलेला, वरची पालवी पक्व झालेली हवी. प्लास्टिकची पट्टी तशीच राहिली तर वाढणारे खोड तिथेच आवळले जाते आणि पुढे वाऱ्यात मोडते. आंब्याचे कोय कलम (कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर बांधलेले), काजूचे मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या खोडावर बांधलेले) असे पाहून घ्यावे. संत्रा-मोसंबीत जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरलेला डोळा (बसवलेली कळी) जमिनीपासून 20 ते 25 सेंटिमीटर उंच असावा. तो मातीत गाडला गेला की डिंक्याला (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आमंत्रणच. डाळिंबाची गुटी (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेले कलम) तेल्या (तेलकट डागांचा रोग) असलेल्या बागेतली असेल तर रोग विकत आणल्यासारखे होते. कोकमाची रोपे बियांपासूनची नकोत, कारण त्यांत बरीच झाडे नर निघतात. मादी झाडाचे पाचर कलमच (काडी पाचरीसारखी तासून खुंटात बसवलेले) घ्या.

आंब्यासाठी 1 मीटर लांब-रुंद-खोल, डाळिंबासाठी 60 सेंटिमीटरचा खड्डा. पिशवी फाडून टाका, पण मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नका. सांधा मातीच्या वर ठेवून लगेच काठीचा आधार द्या. सांध्याखालून येणारे फुटवे दर पंधरा दिवसांनी काढा. ते राहिले तर खुंट वाढतो, काडी सुकते, आणि मोजणीला आलेल्यांना हिरवे झाड दिसते पण शेतकऱ्याला गावठी आंबा मिळतो!

पहिल्या वर्षी किमान 80 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 90 टक्के झाडे जिवंत हवीत. एका एकरात 5 बाय 5 मीटरवर 160 आंबा कलमे लावली असतील तर पहिल्या मोजणीला 128 आणि दुसऱ्या मोजणीला 144 झाडे दिसली पाहिजेत. म्हणजे पहिल्या वर्षी 32 गेली तरी निभावते, पण त्यातल्या किमान 16 जागी पुढच्या पावसाळ्यात नवी कलमे लावावीच लागतात. प्रमाण घसरले तर कलमे स्वखर्चाने आणावी लागतात. त्यासाठी लागवडीच्या वेळीच दहा टक्के जादा कलमे घेऊन सावलीत, मोठ्या पिशव्यांत वाढवत ठेवा. ती त्याच जातीची आणि त्याच वयाची असल्याने बाग एकसारखी राहते.