ईटन कॉयरबुकची ध्वनिमुद्रणे

ईटन कॉयरबुक हे इंग्लंडमधील ईटन कॉलेजच्या चॅपेलसाठी इ. स. १५०० च्या सुमारास तयार झालेले लॅटिन बहुस्वरी, म्हणजे एकाच वेळी अनेक आवाज वेगवेगळ्या ओळी गातात अशा समूहगानाचे हस्तलिखित. मूळ २२४ पानांपैकी १२६ शिल्लक आहेत आणि ९३ रचनांपैकी ६४ पूर्ण वा तुटक रूपात हाती लागतात. सहाव्या हेन्रीने १४४० मध्ये स्थापलेल्या या संस्थेत रोज संध्याकाळी मेरीचे स्तोत्र गाण्याचा दंडक होता. त्यामुळे ग्रंथात मेरीस्तोत्रेच अधिक आहेत. पान सुमारे ६० सेंमी उंच. सगळा वृंद एकाच पोथीसमोर उभा राहून गाई. मोजक्या गायकांच्या कडव्यांचे शब्द लाल शाईत, तर पूर्ण वृंदाचे काळ्या शाईत लिहिलेले आहेत.

धर्मसुधारणेच्या काळात, १५४९ पासून, लॅटिन उपासनाच बंद झाली आणि हे संगीत कानाआड गेले. १९५६ ते १९६१ या काळात फ्रँक हॅरिसन यांनी संपादित केलेले तीन खंड निघाले, तेव्हा ते पुन्हा गायकांच्या हाती आले. आज बहुतेकांना ते ऐकू येते ते ध्वनिमुद्रणांतूनच, म्हणून कोणी कसे गायले याला येथे फार महत्त्व आहे.

पहिला प्रश्न पट्टीचा. त्या काळच्या स्वरलिपीत पट्टी ठरलेली नसे. डेव्हिड वुल्स्टन यांनी लिहिल्यापेक्षा बरीच चढी पट्टी धरावी असे मांडले आणि आपल्या ‘क्लार्क्स ऑफ ऑक्सनफर्ड’ या वृंदाकडून तसे गाऊनही घेतले. पीटर फिलिप्स यांच्या ‘टॅलिस स्कॉलर्स’च्या मुद्रणांतही वरचे स्वर असेच उंच झेपावतात. पुढे संशोधकांनी या मताला आव्हान दिले. खालच्या पट्टीत मधले आवाज भरीव होतात आणि शब्दही स्पष्ट कळतात.

दुसरा प्रश्न आवाजांचा. मुळात वरची ओळ मुलगे गात. हॅरी क्रिस्टोफर्स यांच्या ‘द सिक्स्टीन’ने १९९० च्या दशकात काढलेल्या पाच तबकड्यांच्या मालिकेत ती स्त्रिया गातात, एवढ्या विस्ताराने या ग्रंथाची ओळख त्यापूर्वी कोणी करून दिली नव्हती. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलच्या वृंदाने स्टीफन डार्लिंग्टन यांच्या मार्गदर्शनाखाली मुलांना घेऊन वेगळी मालिका केली. स्त्रियांच्या गाण्यात सफाई आहे, पण मुलांच्या आवाजातली किंचित खरखरीत धार या संगीताला अधिक शोभते.

नव्या श्रोत्याने जॉन ब्राउन यांच्या सहा आवाजांच्या ‘स्टाबाट माटेर’पासून (क्रुसाजवळ उभ्या असलेल्या मेरीच्या शोकाचे स्तोत्र) सुरुवात करावी. दोन-तीन आवाजांचे नाजूक विणकाम चाललेली असताना पूर्ण वृंद उसळतो आणि जमावाचा ‘क्रुसिफिगे’ (त्याला क्रुसावर चढवा) हा पुकारा एका आवाजातून दुसऱ्यात फिरत जातो. रिचर्ड डेव्ही यांच्या एका स्तोत्राशेजारी, ते ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात एका दिवसात रचले, अशी नोंद आहे; रचनेचा पसारा पाहता ती थक्क करते.

ग्रंथाच्या शेवटी रॉबर्ट विल्किन्सन यांची तेरा आवाजांची रचना आहे. लिहिलेली ओळ एकच. येशू आणि त्याच्या बारा शिष्यांच्या नावाने तेरा गायक एकामागून एक तीच ओळ उचलतात. चांगल्या स्टिरिओ मुद्रणात प्रत्येकाचा प्रवेश वेगळ्या जागेवरून येतो.