पत्तावहीत आपोआप शिरलेली नावं

सावद्यात केळीच्या एका व्यापाऱ्याकडे मी बिलांचं आणि ईमेलचं काम बघतो. गेल्या पावसाळ्यात दिल्लीला गेलेल्या गाडीचं बिल पाठवायला बसलो. पत्त्याची पहिली तीन अक्षरं दाबली, तर खाली दोन पत्ते आले. एक बरोबर, दुसऱ्यात एक अक्षर जास्तीचं. कधीतरी हात चुकून टाइप झालेला तो पत्ता प्रोग्रामने जपून ठेवला होता. घाईत बोट त्याच्यावरच पडलं, बिल भलत्याकडेच गेलं आणि इकडे पैसे अडकले.

आमच्या नानांच्या डायरीत असं होत नसे. दोन गाड्यांचा व्यवहार सुरळीत झाला की मगच पार्टीचं नाव त्यात चढायचं. पार्टी बुडाली की नावावर रेघ.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. ईमेलचे पत्ते लोकांना नवे होते आणि एक टिंब हुकलं तरी पत्र परत यायचं. म्हणून आउटलुक एक्सप्रेससारख्या ईमेलच्या प्रोग्राममध्ये सोय आली: ज्याला उत्तर द्याल, त्याचा पत्ता आपोआप वहीत. ही सोय मुळातच चालू असायची. हेतू चांगला होता, हे मान्य करायला हवं. पण एकदा उत्तर दिलं म्हणजे ओळख झाली, हे गृहीतच चुकीचं होतं.

त्याचा फटका लवकरच बसला. मार्च १९९९ मध्ये मेलिसा व्हायरसने आउटलुकच्या पत्तावहीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवलं. मे २००० मधल्या 'आय लव्ह यू' या व्हायरसने तर अख्खी वही वापरली. वही जितकी फुगलेली, तितकी लागण दूरवर.

पुढे काही प्रोग्रामांनी असे पत्ते वेगळे ठेवले. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्राममध्ये 'गोळा झालेले पत्ते' अशी निराळी वही असते. आउटलुक २०१० मध्ये 'सुचवलेले संपर्क' हा फोल्डर आला, २०१३ च्या आवृत्तीत तो काढून टाकला.

मला सर्वांत गंभीर वाटतं ते फेब्रुवारी २०१० चं गूगल बझ, म्हणजे जीमेलला जोडलेली, ओळखीच्यांशी मजकूर वाटून घ्यायची गूगलची सेवा. तुम्ही कुणाशी जास्त पत्रव्यवहार करता, यावरून त्याने लोकांच्या ओळखीच्या याद्या बांधल्या आणि त्या इतरांना दिसू शकत होत्या. डॉक्टर, वकील, जुना मालक, सगळे एका रांगेत. मोठी ओरड झाली, गूगलला काही दिवसांतच बदल करावे लागले आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली. बझही त्याच वर्षी बंद झालं.

मूळ सवय मात्र टिकून आहे. जीमेलमध्ये ज्याला पत्र पाठवाल तो 'इतर संपर्क'मध्ये जातो. संगणकावरच्या सेटिंगमध्ये 'संपर्क मी स्वतः जोडेन' हा पर्याय आहे, तो निवडावा. आधी साठलेले पत्ते त्याने जात नाहीत, ते यादी उघडून हातानेच पुसावे लागतात.