रूळ खरे की खोटे? कोल्सन व्हाइटहेड यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांमागचा इतिहास

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, त्यामुळे तिथली गुलामगिरी आपल्याला नवी नाही. घोळ होतो तो ‘अंडरग्राउंड रेलरोड’ या नावाचा. ते नाव होतं पळून उत्तरेकडे निघालेल्या गुलामांना लपवणाऱ्या माणसांच्या साखळीचं. आसऱ्याचं घर ते ‘स्टेशन’, वाटाड्या तो ‘कंडक्टर’. रूळ कुठेच नव्हते.

अमेरिकन कादंबरीकार व्हाइटहेड यांनी २०१६ मध्ये ‘द अंडरग्राउंड रेलरोड’ या कादंबरीत ते अंथरले. कोठाराच्या जमिनीतली झडप उचलायची, पायऱ्या उतरायच्या, की बोगद्यात लाकडी स्लीपरवर ठोकलेले दोन रूळ. कल्पना सुचली होती २००० च्या सुमारास. आपली अजून तयारी नाही म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली. त्याआधी १९९९ मध्ये लिफ्ट तपासणाऱ्या बाईवरची पहिली कादंबरी आली होती, पुढे २०११ मध्ये झाँबींवरचीही आली.

कादंबरी इतिहासाशी जुळत नाही हा आक्षेप रुळांपुरता नव्हता. कादंबरीतल्या दक्षिण कॅरोलिनात गृहयुद्धाआधीच उंच इमारत आणि लिफ्ट आहे. काळ्या बायकांच्या नसबंदीचा घाट आहे, पुरुषांना उपचार न देता त्यांचा आजार कसा वाढतो ते डॉक्टर पाहत बसतात. अमेरिकेतल्या टस्कीगी गावी काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवण्याचा असा प्रयोग प्रत्यक्षात १९३२ ते १९७२, तब्बल ४० वर्षं चालला. मग हिला ऐतिहासिक कादंबरी म्हणायचं का? सनावळीच्या कसोटीवर नाही. पण मला ती कसोटीच तोकडी वाटते. प्रकरणांआधी पळालेल्या गुलामांच्या जाहिराती येतात: वय, रंग, अंगावरचे व्रण, बक्षिसाची रक्कम. शेवटची वगळता त्या त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या खऱ्या आहेत. १९३० च्या दशकात सरकारी योजनेतून टिपलेल्या, गुलामीत जन्मलेल्यांच्या २,३०० हून अधिक मुलाखतींचाही आधार आहे. लेखकाने तारखा हलवल्या, जखमा नाहीत.

या कादंबरीला २०१७ चं पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. २०२० मध्ये दुसरं मिळालं ते ‘द निकल बॉइज’ या २०१९ च्या कादंबरीसाठी, आणि तिथे भुयारी आगगाडी नाही. फ्लोरिडातल्या मारियाना गावी मुलांची सुधारशाळा १९०० पासून २०११ पर्यंत चालली. तिच्या बातम्या व्हाइटहेड यांच्या वाचनात २०१४ मध्ये आल्या. कथेसाठी त्यांनी शाळेचं नाव बदललं आणि काळ १९६० च्या दशकाचा घेतला. खऱ्या शाळेच्या दफनभूमीत ३१ क्रूस उभे होते. एका विद्यापीठाच्या पथकाने खोदलं तेव्हा ५५ कबरी निघाल्या.